गप्प पिंजरा

[दृश्य : संध्याकाळ. पेठेतली गल्ली. दुकानाबाहेर एकावर एक रचलेले पिंजरे.]

पुण्यातल्या एका पेठेतली ही गल्ली. संध्याकाळचे सात वाजलेत. दुकान दिसायच्या आधी त्याचा आवाज येतो. लव्हबर्डांचा कलकलाट, जाळीवर पंजे मारणारं लॅब्राडॉरचं पिल्लू, आतल्या माशांच्या टाक्यांचे गुरगुरणारे पंप. अगदी खालच्या रांगेत एक पिंजरा आहे. त्यातून काहीच ऐकू येत नाही.

सहा ससे. पाच पांढरे, एक करडा. एकमेकांच्या अंगाखाली तोंड खुपसून बसलेले.

लहान मुलं याच पिंजऱ्यापाशी थबकतात. तळातला पिंजरा बरोबर चार-पाच वर्षांच्या मुलाच्या नजरेसमोर येतो. या चिमुरडीने जाळीतून बोट आत घातलंय. ससा जागचा हललेला नाही. ती मागे वळून सांगते, "आई, हा मला घाबरतच नाही!"

तो घाबरलाय. कान बघा, पाठीला चिकटलेत. पाय पोटाखाली घेतलेत, डोळे ताठ उघडे आहेत. वर घार फिरत असेल, झुडपाआड कोल्हा दबून बसला असेल, तर सशाच्या अंगात मुरलेला पहिला उपाय म्हणजे थिजून जाणं. हललास तर दिसशील. बोट, ट्यूबलाइट, शेजारचं भुंकणारं पिल्लू, या सगळ्यांना त्याच्याकडे एकच उत्तर आहे, आणि त्या उत्तराला आपण "किती गरीब आहे हो" म्हणतो.

दुकानातून ससे विकणं थांबलं पाहिजे, असं आम्ही म्हणतो ते या गप्प बसण्यामुळे. कुत्रा भुंकून सांगतो, मांजर ओरबाडून सांगते. ससा दुखणंसुद्धा लपवतो, कारण रानात आजारी दिसणारा ससा पहिला उचलला जातो. म्हणून तो काउंटरवर शहाणा दिसतो, पहिल्या दिवशी घरीही शहाणा दिसतो, आणि ज्या दिवशी तो आजारी दिसू लागतो त्या दिवशी बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

[दृश्य : पिंजऱ्याच्या आतून. एका पिलाचा चेहरा, लाल डोळा.]

यांचं वय किती? दुकानदार म्हणतात, "असतील महिना-सव्वा महिन्याचे."

सशाची मादी साधारण ३० दिवसांत विते. पिल्लं उघडीनागडी, डोळे मिटलेली जन्मतात. दहा-बारा दिवसांनी डोळे उघडतात. आई दिवसातून एकदा, फार तर दोनदा, तेही काही मिनिटंच, त्यांना पाजते आणि बाजूला होते, कारण ती सतत जवळ राहिली तर तिच्या मागावर येणाऱ्याला बिळाचा पत्ता लागेल. दूध सुटून पोट गवतावर नीट रुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. या पोटात गवत आंबवणारे जिवाणू हळूहळू वस्तीला येतात, आणि ती वस्ती बसेपर्यंत खाण्यातला, जागेतला कुठलाही बदल पिलाला महागात पडतो. नेमक्या याच दिवसांत त्यांना आईपासून उचललं जातं, टोपलीत भरलं जातं, टेम्पोतून शहरात आणलं जातं. कारण याच दिवसांत ती तळहातावर मावतात. आणखी महिनाभराने तोच ससा तिप्पट मोठा दिसेल आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे वळून बघणार नाही.

पिंजऱ्यात कोबीची पानं आणि गाजर दिसतंय. ससा आणि गाजर ही जोडी चित्रांच्या पुस्तकांनी लावून दिली. गाजर त्याच्यासाठी गोड खाऊ आहे. त्याचं जेवण म्हणजे वाळलेलं गवत, रोज, मनसोक्त. या दुकानात आम्हाला गवताची काडी दिसली नाही.

हे पांढरे, लाल डोळ्यांचे ससे दिसायला न्यूझीलंड व्हाईट जातीचे. नाव न्यूझीलंडचं असलं तरी ही जात तयार झाली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, आणि ती मांसासाठी जगभर वाढवली गेली. डोळे लाल दिसतात कारण त्यांत रंगद्रव्यच नाही. म्हणजे डोक्यावरचा हा झगझगीत उजेड त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त टोचतो.

[दृश्य : दवाखाना. काचेवर लावलेला एक्स-रे. कवटीची बाजू.]

आता हे चित्र सावकाश बघा.

ही सशाची कवटी. दात अठ्ठावीस. समोर वर दोन मोठे पटाशीचे दात, आणि त्यांच्या मागे, डॉक्टरांचं पेन जिथे टेकलंय तिथे, आणखी दोन बारीक दात दडलेले. उंदीर-घुशींपासून ससा वेगळा ओळखायचा तो या लपलेल्या जोडीवरून. यातला एकही दात वाढायचा थांबत नाही. पटाशीचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढतात. वर्षाचा हिशेब केला तर चार-पाच इंच! तेवढे ते रोज झिजले पाहिजेत, आणि झिजतात ते गवताने. गवताच्या पात्यात वाळूसारखी सिलिका असते. जबडा डावी-उजवीकडे जात्यासारखा फिरतो आणि दात दातावर घासला जातो. पाव चावायला जातं फिरवावं लागत नाही. बिस्किटालाही नाही.

टेबलावरचा हा ससा तीन वर्षांचा. घरच्यांनी त्याला जीव लावलाय, पाव-बिस्किटं भरवून. दोन दिवस त्याने काही खाल्लेलं नाही. भूल दिल्यावर डॉक्टर तोंड उघडून दाखवतात. ते पांढरं टोक दाढेची कड आहे. ती वाढत वाढत जिभेत घुसलीय. आता बारीक ड्रिलने ती घासतील. हा आवाज आम्ही कमी केलेला नाही.

[ड्रिलचा आवाज. निवेदन नाही. वीस सेकंद.]

सशाला उलटी होत नाही. जे आत गेलं ते पुढेच सरकायला हवं, आणि ते सरकतं राहण्यासाठी आत सतत काहीतरी यायला हवं. बारा तास ससा खायचा थांबला, तर घरच्यांनी सकाळची वाट बघायची नसते. आतडं थबकतं, वायू धरतो, दुखतं म्हणून ससा आणखी खात नाही. रात्री तो मऊ लेंड्या टाकतो आणि त्या पुन्हा खातो. बरीच माणसं हे बघून किळसतात, त्याला मारतातसुद्धा. पण गवतातलं सत्त्व तो या दुसऱ्या फेरीतच मिळवतो. गाय रवंथ करते, तसाच हा त्याचा मार्ग.

कपाटातल्या या बाटलीवर अमॉक्सिसिलिन लिहिलंय. कुत्र्या-मांजरांना सर्रास दिलं जाणारं औषध. हेच सशाच्या पोटात गेलं तर आतल्या जिवाणूंची वस्ती उद्ध्वस्त होऊन तो दगावू शकतो. किडे-गोचिडांवर कुत्र्याच्या मानेवर टाकतात ते फिप्रोनिलही सशाला चालत नाही. हे ठाऊक असलेला डॉक्टर प्रत्येक गावात नसतो. ससा विकणारं दुकान मात्र कुठेही निघतं.

सिरिंजने भरवणं सुरू आहे. पहिला घोट त्याने गिळलाय.

[दृश्य : सासवडच्या पुढचं माळरान. पहाट. पिवळं गवत.]

सासवडच्या पुढे, सुप्याच्या वाटेवरचं माळरान. उजाडायला थोडा वेळ आहे. गवताच्या या गठ्ठ्याकडे बघत राहा.

हा आपला ससा. इथला, मूळचा. मानेमागे काळा डाग, म्हणून शास्त्रज्ञांनी नावातच काळी मान घातली. लांब कान, लांब मागचे पाय, अंगाचा रंग असा की उठेपर्यंत गवत आणि ससा वेगळे करता येत नाहीत. तो बीळ खणत नाही. गवतात दाबून केलेल्या खोलगट जागेत निजतो. पिल्लं जन्मतानाच अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा आहे.

दुकानातला ससा हा मुळात वेगळाच प्राणी. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडे जमिनीखाली बिळांचं जाळं करून गटाने राहणारे. दोघांचा संकर होत नाही. मराठीत मात्र दोघांना एकच शब्द, ससा. कासवाशी शर्यत लावणाराही ससा आणि पिंजऱ्यातलाही ससाच. त्यामुळे पाळलेला ससा झेपेनासा झाला की माणसाला वाटतं, रानातला जीव रानात सोडला. टेकडीवर, बागेत, देवळाच्या आवारात सोडलेल्या या पांढऱ्या सशांना लपायला रंग नाही, शिरायला बीळ नाही. कुत्री आणि घारी त्यांना फार दिवस ठेवत नाहीत.

तो निघाला. बघा, वळणं घेत कसा जातोय.

[दृश्य : पडद्यावर कागद, मग नकाशा.]

प्राण्याला उपासमारीच्या तोंडी टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. २०१८ मध्ये केंद्राने पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम केले. त्यात कुत्रा-मांजराच्या बरोबरीने सशाचं नाव आहे. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय दुकान चालवता येत नाही. म्हणून कुठल्याही दुकानात पहिला प्रश्न विचारा, नोंदणीचं प्रमाणपत्र कुठे लावलंय? पण आमचं मागणं याच्या पुढचं आहे. नोंदणी असलेल्या दुकानातही ससा विक्रीला नको.

हे जगात झालेलं आहे. जिथे ही पांढरी जात घडली त्या कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा केला. १ जानेवारी २०१९ पासून तिथल्या दुकानांना कुत्रा, मांजर आणि ससा फक्त निवाऱ्यातून किंवा सुटका करणाऱ्या संस्थेकडूनच आणता येऊ लागला. मग २०२१ पासून दुकानाने विकायचंच नाही, संस्थांना आपली जागा दाखवण्यापुरती द्यायची, पैसे घ्यायचे नाहीत, असं ठरलं. न्यूयॉर्क राज्यातही १५ डिसेंबर २०२४ पासून दुकानातली विक्री बंद आहे. दोन्ही कायद्यांत सशाला कुत्र्या-मांजरांच्या ओळीत बसवलंय, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. मग लोक फोनवरून विकतील, असं म्हणणारे भेटले. विकतील. पण भाजी घ्यायला निघालेल्या आईचा हात ओढून मूल फोनपाशी थांबत नाही.

[दृश्य : उपनगरातलं एक छोटं दुकान. मालक पोतं उघडतायत.]

हे काका दुकानात आधी ससे ठेवायचे. आता ठेवत नाहीत. ससे असायचे त्या कोपऱ्यात वाळल्या गवताची पोती आहेत. ते मूठभर गवत काढून कॅमेऱ्यासमोर धरतात, वास घ्यायला सांगतात. हिरवट वास हवा, कुबट आला तर परत पाठवायचं. लसूणघास ते वेगळी ठेवतात. ती पिलांना चालते. मोठ्या सशाला रोज दिली तर त्यातल्या जादा कॅल्शियमने मूत्राशयात गाळ साचतो. गिऱ्हाइकाला एवढं सगळं ते उभ्या उभ्या समजावतात. तराजूवर अर्धा किलो होतं, वर एक मूठ जास्तीची.

[दृश्य : कोथरूडमधलं घर. दुपार, मग संध्याकाळ.]

ही लाही. वय सहा. ससा नीट जगला तर आठ-दहा वर्षं जगतो, म्हणजे पहिलीतल्या मुलाला घेऊन दिलेला ससा त्याच्या दहावीपर्यंत घरात असतो. लाही या घरी दुकानातून आली नाही. एका कुटुंबाला ती नकोशी झाली होती, यांनी मागून घेतली.

खोलीभर सतरंज्या अंथरल्यात. सशाच्या तळव्याला कुत्र्यासारखी गादी नसते, नुसते केस असतात, आणि गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात. वायरी जाड नळीत घातल्यात. कोपऱ्यात गवताचा ट्रे आहे, ती तिथेच बसते, तिथेच खाते, तिथेच विधी उरकते. आणि हा आडवा ठेवलेला माठ आजींची कल्पना. एप्रिलमध्ये त्यावर ओलं फडकं टाकतात. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांवाटे सोडतो, आणि पारा तिशीच्या वर गेला की त्याला जड जातं. लाही अख्खी दुपार माठात असते. नुसते कान बाहेर.

आजी तिला उचलत नाहीत. नात उचलायला गेली की त्या सांगतात, "खाली बस गं, ती येईल." सशाची हाडं हलकी आणि मागचे पाय दणकट. हवेत धरल्यावर त्याने जोरात झटका दिला तर स्वतःच्याच पाठीचा कणा मोडतो. म्हणून नात मांडी घालून बसते. पुस्तक वाचते. लाही येत नाही. पान उलटतं. अजून येत नाही.

[थांबा. निवेदन नाही.]

दिवे लागले की ती जागी होते. पहाट आणि संध्याकाळ या तिच्या वेळा. दारापासून पलंगापर्यंत एक धाव, मग मध्येच ही उडी! अंग हवेतच मुरडलं, पाय एकीकडे, डोकं दुसरीकडे. ही उडी आम्ही दुकानातल्या पिंजऱ्यात पाहिली नाही, तिथे वर तेवढी जागाच नाही. खाली फटाका वाजला. लाहीने मागचा पाय जमिनीवर आपटला, एकदा, दोनदा. सगळ्या घराला इशारा. आजी म्हणाल्या, "कळलं गं बाई, कळलं."

आता ती नातीच्या मांडीशी येऊन पसरलीय. आम्ही माइक तिच्या जबड्याजवळ नेला. पंखा बंद करायला सांगितला. दात दातावर अगदी हलके घासले जातायत. ऐका.

[आवाज. निवेदन नाही.]