आकडा कोणी मोजला?

जगात एकूण देश किती, असे शोधयंत्राला विचारले तर वेगवेगळी उत्तरे मिळतात, आणि गंमत म्हणजे त्यांतली बरीचशी आपापल्या जागी बरोबर असतात. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य देश 193 आहेत. व्हॅटिकन आणि पॅलेस्टाईन यांना निरीक्षकाचा दर्जा आहे, त्यांना धरले तर संख्या 195 होते. फिफाच्या सदस्य संघटना मात्र 211 आहेत, कारण इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांसारखे प्रदेश तेथे स्वतंत्र मोजले जातात.

देश मोजण्यातच इतके मतभेद असतील, तर त्यांतली माणसे मोजण्याचे काम किती अवघड असेल? लेबनॉनमध्ये शेवटची अधिकृत जनगणना 1932 साली, फ्रेंच अमलाखाली झाली. तेथे सत्तेची वाटणी धार्मिक समूहांच्या संख्याबळावर बेतलेली असल्यामुळे नव्याने शिरगणती करणे म्हणजे जुना राजकीय वाद उकरून काढणे ठरले असते, आणि म्हणून ती टळत राहिली. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात 1984 नंतर जनगणना झालेली नाही. तरीही अनेक संकेतस्थळे या देशांची लोकसंख्या अगदी एककापर्यंत छापतात, आणि काही ठिकाणी तर दर सेकंदाला पुढे सरकणारा आकडा दिसतो, जो प्रत्यक्षात कोणालाही मोजत नसतो, केवळ गणित करत असतो.

असा आकडा खोटा म्हणता येणार नाही. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या विभाग जुन्या जनगणना, नमुना पाहण्या, जन्म-मृत्यूचे प्रमाण आणि स्थलांतर यांचा मेळ घालून अंदाज बांधतो आणि तो अंदाज आहे, हे स्पष्टपणे सांगतोही. नकलेची नक्कल होत जाते तसतसा हा खुलासा गळून पडतो. मग एकच संख्या दहा ठिकाणी आढळली, तरी ते दहा साक्षीदार नसतात. साक्ष एकाचीच असते.

जागतिक बँकेने 2010 मध्ये आपली आकडेवारी सर्वांसाठी मोफत खुली केली. तिच्या संकेतस्थळावर कोणत्याही आलेखाजवळचा तपशील उघडला, की व्याख्या आणि मूळ स्रोत दोन्ही वाचायला मिळतात. लोकसंख्येचा तपशील पाहिला तर स्रोतांमध्ये संयुक्त राष्ट्रे आणि त्या त्या देशांची सांख्यिकी कार्यालये दिसतात. म्हणजे येथे बँक ही केवळ मधला टप्पा असते. तो तपशील वाचण्याची तसदी फार थोडे लोक घेतात.

मोजण्याची पद्धत बदलली, तर देश आहे तसाच राहूनही त्याचे चित्र पालटते. नायजेरियाने 2014 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाचे आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती पायाभूत धरून हिशेब होतो ते वर्ष, 1990 वरून 2010 वर आणले आणि मोबाइल सेवा, चित्रपट यांसारखे वाढलेले व्यवसाय त्यात नीट धरले, तेव्हा 2013 च्या उत्पन्नाचा आकडा सुमारे 89 टक्क्यांनी वाढला आणि नायजेरिया दक्षिण आफ्रिकेच्या पुढे गेला. कारखाने आणि शेते मात्र होती तेवढीच होती.

एखादे पान किती जुने आहे, हे ओळखायला तारीख दिलेली नसली तरी खुणा सापडतात. कझाकस्तानची राजधानी अस्ताना हिचे नाव 2019 मध्ये नूर-सुलतान झाले आणि 2022 मध्ये पुन्हा अस्ताना. ज्या पानावर आजही नूर-सुलतान लिहिलेले आहे, त्यावरची लोकसंख्या, उत्पन्न आणि राष्ट्राध्यक्षांचे नावही दुसरीकडे ताडून पाहावे.