पगारवाढीच्या विधेयकातलं कलम ७०८

(दृश्य : वॉशिंग्टन, हिवाळ्यातली सकाळ. संसदेचा पांढरा घुमट.)

डिसेंबर २०२४. अमेरिकेच्या संसदेसमोर वार्षिक संरक्षण विधेयक आहे. सुमारे ८९५ अब्ज डॉलरचं. त्यात जहाजं आहेत, क्षेपणास्त्रं आहेत आणि खालच्या हुद्द्यांवरच्या सैनिकांना साडेचौदा टक्के पगारवाढही आहे. साठहून अधिक वर्षं हे विधेयक न चुकता मंजूर होत आलंय. त्याला 'नाही' म्हणणं म्हणजे सैनिकाच्या पगाराला 'नाही' म्हणणं, असाच अर्थ लोक काढतात.

याच विधेयकात कलम ७०८ येऊन बसलं.

(दृश्य : लष्करी वसाहत. दारात सामानाची खोकी.)

अमेरिकी सैन्याचा आरोग्य विमा म्हणजे ट्रायकेअर. सेवेतले, निवृत्त आणि त्यांची कुटुंबं मिळून सुमारे ९५ लाख माणसं या विम्यावर आहेत. कलम सांगतं : १८ वर्षांखालच्या मुलांना जेंडर डिस्फोरियासाठी, वंध्यत्व येऊ शकेल असे उपचार ट्रायकेअरमधून मिळणार नाहीत.

जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग आणि 'मी कोण' ही मुलाची आतली जाणीव जुळत नाही, आणि त्याचा त्रास सरता सरत नाही, त्याला डॉक्टर जेंडर डिस्फोरिया म्हणतात. त्यावर समुपदेशन असतं. काही मुलांना वयात येणं रोखून धरणारी औषधं देतात, पुढे काहींना संप्रेरकं. २०१६ पासून ट्रायकेअर हा खर्च उचलत होतं. कुटुंबीयांच्या अशा शस्त्रक्रिया मात्र आधीपासूनच कायद्याने वगळलेल्या होत्या. भाषणांमध्ये शस्त्रक्रिया कितीही गाजली, तरी नव्या कलमाची कात्री चालली ती औषधांवर.

डॉक्टरांमध्ये या उपचारांवर मतभेद आहेत, आणि ते खरे आहेत. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची मोठी संघटना या उपचारांच्या बाजूने उभी आहे. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या कॅस अहवालाने पुरावे कमकुवत असल्याचं म्हटलं. इतका नाजूक प्रश्न स्वतंत्र विधेयकात, दिवसभर चर्चा होऊन मतदानाला यायला हवा होता. तो पगारवाढीच्या पाठीवर बसून आला, हे मला मान्य होत नाही. उपचारांना विरोध असणाऱ्यांनीही हे मान्य करू नये.

(दृश्य : प्रतिनिधिगृहाचा मतफलक.)

११ डिसेंबर. प्रतिनिधिगृहात २८१ विरुद्ध १४०. डेमोक्रॅटिक पक्षाच्या १२४ सदस्यांनी विरोधात मत दिलं. त्यांत होते अ‍ॅडम स्मिथ, संरक्षण समितीतले त्यांच्या पक्षाचे सर्वांत ज्येष्ठ सदस्य. एरवी हेच विधेयक घडवण्यात त्यांचा हात असतो. सिनेटमध्ये ८५ विरुद्ध १४. २३ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी सही केली. या कलमाला आपला विरोध आहे, मुलावर कोणते उपचार व्हावेत हे ठरवणाऱ्या आईवडिलांच्या भूमिकेत ते ढवळाढवळ करतं, असं त्यांनी लेखी नोंदवलं. तरीही सही केलीच.

सैनिकाची बदली दर दोन-चार वर्षांनी होते. कुठे राहायचं, हे कुटुंब ठरवत नाही. वीसहून अधिक राज्यांनी अल्पवयीनांसाठी हे उपचारच बेकायदा केलेत, आणि जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेनेसीचा तसा कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी उचलून धरला. म्हणजे बदलीचा कागद हातात आला की आईबाप आधी नकाशा उघडणार. बंदी नसलेलं राज्य वाट्याला आलं, तरी औषधाचं बिल स्वतःच्या खिशातून.

(दृश्य : सरकारी कार्यालय, दुपार.)

पुढचं पाऊल मुलकी कर्मचाऱ्यांकडे वळलं. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी याच उपचारांविरुद्ध कार्यकारी आदेश काढला. त्यात वयोमर्यादा १९ वर्षांची होती. त्याच वर्षी कर्मचारी विभागाने विमा कंपन्यांना कळवलं की २०२६ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या विम्यात हे उपचार नसतील, कोणत्याही वयाला. या विम्यावर ८० लाखांहून अधिक माणसं आहेत. समुपदेशन तेवढं शिल्लक राहिलं.