डोस पूर्ण व्हायचेत, म्हणून पिल्लाला घरात कोंडून ठेवू नका

नमस्कार मंडळी!

पिल्लू घरी आलं की पहिल्याच भेटीत डॉक्टर बजावतात, "सगळे डोस होईपर्यंत खाली फिरवायचं नाही." सल्ला अगदी योग्य आहे. पण आपण त्याचा अर्थ काय लावतो? पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत त्याला घराचा उंबरठा ओलांडू देत नाही. मग एक दिवस हौसेने पट्टा बांधून खाली नेतो आणि ते लिफ्टमध्येच थरथरायला लागतं. वॉचमनकाकांवर भुंकतं, रिक्षा दिसली की मागे खेचतं, शेजारच्या मुलांना बघून पायात घुसतं. आपण म्हणतो, "स्वभावच भित्रा आहे हो त्याचा." बहुतेक वेळा असं नसतं. जग बघायचं त्याचं वय घरातच निघून गेलेलं असतं.

कुत्र्याच्या पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा एक काळ असतो. या काळात जे दिसतं, ऐकू येतं, पायाखाली लागतं, ते "हे असंच असतं, यात घाबरण्यासारखं काही नाही" म्हणून डोक्यात बसतं. त्यानंतर नवीन गोष्ट दिसली की आधी भीती वाटते आणि ओळख मागाहून होते. पुढेही शिकवता येतं, पण कितीतरी जास्त मेहनत लागते.

आता गंमत बघा. लसीकरणाचे डोस याच काळात चालू असतात. म्हणजे ज्या दिवसांत आजाराची धास्ती सगळ्यात जास्त, त्याच दिवसांत बाहेरची ओळखही व्हायला हवी. यातून मार्ग आहे, आणि आजचा सगळा व्हिडिओ त्याचसाठी आहे.

आधी धास्ती कशाची ते नीट समजून घेऊ. पार्व्हो. हा विषाणू आजारी कुत्र्याच्या शीतून बाहेर पडतो आणि मातीत कित्येक महिने टिकून राहतो. आजारी कुत्रा समोर असायला लागत नाही. तो तिथे मागच्या हंगामात येऊन गेला असेल तरी पुरतं. तुमच्या चपलेला लागूनही तो घरात येऊ शकतो, म्हणून चपला दाराबाहेर काढायची आपली सवय इथे फार कामाची आहे. हाताला लावायच्या सॅनिटायझरने पार्व्हो मरत नाही. ब्लीचने मरतो. तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच, जागा आधी धुऊन घ्यायची, मग हे पाणी लावून दहा मिनिटं राहू द्यायचं. ब्लीचमध्ये फिनाईल किंवा ॲसिड अजिबात मिसळू नका. घरात आधीचं पिल्लू पार्व्होने गेलं असेल, तर नवीन पिल्लू आणण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. ही गोष्ट मी हात जोडून सांगते. दुःख विसरायला म्हणून लोक पंधरा दिवसांत दुसरं पिल्लू आणतात आणि तेही आजारी पडतं.

डोस तीन-चार वेळा का द्यावे लागतात? अनेकांना वाटतं, एकाने ताकद कमी पडते म्हणून. खरं कारण वेगळं आहे. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला संरक्षण मिळालेलं असतं. ते अंगात जोरात असेपर्यंत लस लागू पडत नाही. ते हळूहळू ओसरतं, पण कुठल्या पिल्लात सहाव्या आठवड्यात ओसरेल आणि कुठल्या पिल्लात पंधराव्या, हे बाहेरून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून, दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत डोस देतात. यातला शेवटचा डोस सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोक टाळतात. "दोन झालेत की, चांगलं खेळतंय." असं करू नका. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर, मग डॉक्टर सांगतील त्या तारखांना. आणि पावसाळ्यात पिल्लू आणलंत तर लेप्टोबद्दल आवर्जून विचारा. उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून तो होतो, आणि माणसालाही होतो.

आता मार्ग. पाय जमिनीवर टेकवायचे नाहीत, पण डोळे, कान आणि नाक बाहेर न्यायचं. पहिला डोस देऊन आणि जंताचं औषध होऊन आठवडा झाला, की पिल्लाला कडेवर घ्या आणि सोसायटीच्या गेटपाशी जाऊन बसा. अमेरिकेतली प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या पशुवैद्यांची संघटनाही हेच सांगते, की सगळे डोस पूर्ण व्हायची वाट न बघता ओळखी करून द्यायला सुरुवात करा.

(मांडीवरच्या पिल्लाला जवळ घेत) ही टिकली, आपली गावठी, दहा आठवड्यांची. हिला मी अशी धरते. एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, पाठ माझ्या पोटाला टेकलेली. दुसऱ्या हाताच्या बोटांत उकडलेल्या चिकनचे शेंगदाण्याएवढे तुकडे. समोरून स्कूटर गेली, तुकडा. पोस्टमन आला, तुकडा. भाजीची गाडी, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत जाणारे आजोबा, प्रत्येकाला तुकडा. दहा मिनिटं पुरेत. कान मागे गेले, जीभ ओठांवरून वारंवार फिरायला लागली, किंवा आवडता तुकडाही तोंडात घेईना, की समजायचं, जास्त झालं. लगेच मागे फिरायचं. "सवय होईल" म्हणून तिथेच धरून ठेवलंत, तर सवय होते ती भीतीची.

घरातही हेच. कुकरची शिट्टी, मिक्सर, झाडू. ढोल-ताशे आणि फटाके यांचं रेकॉर्डिंग फोनवर अगदी बारीक आवाजात, ते जेवत असताना लावा. आवाज कित्येक दिवसांत हळूहळू वाढवायचा. गणपती आणि दिवाळी दारात आल्यावर सुरू करून उपयोग नाही. मिरवणुकीत मात्र पिल्लाला नेऊ नका. एवढ्या आवाजाची सवय होत नसते, धसका बसतो. ओळखीच्या घरचा सगळे डोस झालेला, शांत कुत्रा असेल तर त्याच्याशी घरात गाठ घाला. रस्त्यावरच्या किंवा अनोळखी कुत्र्यांपासून आत्ता लांबच.

आता एक काम जे तब्येतीचंही आहे आणि शिकवण्याचंही. रोज दोन मिनिटं पिल्लाला हात लावू देण्याची सवय. कान उलटून बघा, आत वास येतोय का. पंजाची बोटं फाकवा, कारण गोचीड तिथे, कानाच्या मागे आणि शेपटीखाली लपते. आणि ओठ वर करून हिरड्या बघा. अशा. गुलाबी दिसायला हव्यात. अंगठ्याने हलकं दाबलं की पांढरं पडतं आणि सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतं. हिरड्या फिकट, कागदासारख्या दिसल्या तर पोटात रक्त शोषणारे जंत असू शकतात, गोचिडतापही असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हे रोज केलं, प्रत्येक वेळी खाऊ दिला, की दवाखान्याच्या टेबलावर चार जणांनी धरायची वेळ येत नाही.

गोचिडांवर जनावरांचं औषध पाण्यात कालवून लावायचा सल्ला कुणीतरी देईलच. कृपा करून नको. पिल्लासाठी वय आणि वजन बघूनच औषध ठरतं. शिवाय ही गोचीड भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीत अंडी घालते. फक्त कुत्र्यावर उपाय करून भागत नाही, घरही साफ करावं लागतं.

जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांनंतर दर महिन्याला, सहा महिन्यांपर्यंत. आईकडूनच जंत येतात, म्हणून "आमचं पिल्लू स्वच्छ आहे" हे कारण चालत नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात, पण ठामपणे. दूध-बिस्कीट आणि दूध-पोळी यावर पिल्लू जगतं, नीट वाढत नाही. बऱ्याच पिल्लांना दुधाने जुलाब होतात आणि मग आपण उगाच घाबरतो. पिल्लांसाठीचं चांगलं खाद्य दिवसातून तीन-चार वेळा द्या. घरचंच द्यायचं असेल तर डॉक्टरांकडून प्रमाण लिहून घ्या, कारण नुसतं चिकन-भात दिला की कॅल्शियम कमी पडतं आणि हाडं वाकतात. उलट मोठ्या जातीच्या पिल्लांना मनाने कॅल्शियमचं सिरप पाजणंही घातक. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट बंद. प्रसादाच्या शिऱ्यातला मनुकासुद्धा.

आणि पॅरासिटामॉल! पिल्लाचं अंग हाताला गरम लागतं, म्हणून आपण ताप समजतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच 101 ते 102.5 फॅरेनहाइट असतं. माणसांची तापाची किंवा दुखण्याची गोळी, अर्धीसुद्धा, मनाने देऊ नका.

शी-शूचं गणित सोपं आहे, फक्त चिकाटी लागते. झोपेतून उठलं, खाल्लं, खेळलं, की लगेच ठरलेल्या जागी न्या. डोस होईपर्यंत ती जागा म्हणजे बाल्कनीचा कोपरा किंवा बाथरूम. झालं की तिथेच, त्याच क्षणी खाऊ. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा दोन-तीन तासांपेक्षा जास्त धरू शकत नाही, त्यामुळे भलतीकडे शू केली तर गप्प राहून पुसा. नाक घासणं, ओरडणं यातून ते एवढंच शिकतं, की तुमच्यासमोर करायची नाही. मग सोफ्याच्या मागे जाऊन करतं.

चावण्याचंही तसंच. दुधाचे दात पडून नवे येणं साधारण चौथ्या महिन्यापासून सातव्यापर्यंत चालतं. हाताला दात लागले की खेळ थांबवा, हात काढून घ्या, अर्ध्या मिनिटाने चावायचं खेळणं द्या. घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळायचा. एकाने हसून खेळायचं आणि दुसऱ्याने चापट मारायची, यात पिल्लाचा गोंधळ उडतो. फार चावायला लागलं तर आधी झोप बघा. दिवसाचे अठरा तास झोपणारं बाळ आहे ते, पाहुणे येऊन उचलत राहिले की चिडचिडं होणारच.

आणि लस न झालेल्या पिल्लाचा दात लागून रक्त आलं, अगदी ओरखडा असला, तरी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखान्यात दाखवा. रेबीज झाला की त्यावर इलाज नाही, पण वेळेवर घेतलेली लस जीव वाचवते.

शेवटच्या डोसनंतर साधारण दोन आठवड्यांनी, डॉक्टर हो म्हणाले की पट्टा बांधा आणि खाली उतरवा. पहिले काही दिवस कुत्र्यांची गर्दी नसलेली, कोरडी जागा निवडा.

एक काम मात्र हा व्हिडिओ बंद करून लगेच करा. तुमच्या भागात रात्री उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना शोधा, नंबर फोनमध्ये घाला आणि एकदा फोन करून रात्री खरंच डॉक्टर असतात का ते विचारून घ्या. पिल्लाने खाणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या, घाण वासाची किंवा रक्ताची शी झाली, तर सकाळपर्यंत थांबू नका. एवढ्याशा अंगातलं पाणी काही तासांत संपतं. सलाईन वेळेत लागलं तर पार्व्होतूनही पिल्लं उठतात, आणि पुन्हा चपला पळवायला लागतात.