पिसांका रंगवत नाहीत, लिहितात!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत माझ्या पाठीमागे फळीवर नक्षीचं एक अंडं दिसत होतं. तेव्हापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय, "ताई, ब्रश कोणता वापरलात?"

ब्रश नाहीच! ही युक्रेनची पिसांका. 'पिसाती' म्हणजे लिहिणं, त्यावरून हे नाव. आपल्याकडे वारली सवासिनी लग्नाचा चौक लिहितात ना, तसंच.

साहित्य सोपं आहे: कच्चं अंडं, मेणबत्ती, मधमाशांचं मेण, रंग आणि किस्त्का, म्हणजे टोकाला बारीक नळी असलेली दांडी. नळीत मेण भरायचं, ज्योतीवर तापवायचं आणि रेघ ओढायची. झालं.

आता खरी मेख. मेण रंग देत नाही, रंग राखतं. जे पांढरं हवंय त्यावर आधी मेण, मग अंडं पिवळ्यात बुडवायचं. जे पिवळं राहायला हवं त्यावर मेण, मग केशरी. मग लाल, शेवटी काळा. फिकटाकडून गडदाकडे. उलट जाता येत नाही.

माझं पहिलं अंडं इथेच बिघडलं. लाल फूल हवं होतं, म्हणून पांढऱ्या अंड्यावर फूल काढलं आणि अंडं लाल रंगात बुडवलं. निघालं काय? लाल अंड्यावर पांढरं फूल! ज्यांनी बाटिक, म्हणजे मेण लावून कापड रंगवणं, केलंय त्यांना हे लगेच कळेल.

एका दादांनी विचारलंय, "मग मध्ये नक्षी दिसते कशी?" दिसतच नाही. शेवटी हातात मेणाने माखलेला काळा गोळा असतो. नक्षी तोवर डोक्यातच धरून ठेवावी लागते.

मी हे कॅनडात एडमंटनला एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये शिकले, ऐंशीच्या घरातल्या एका बाबांकडून. हो, बाबा म्हणजे आजी! पहिल्या दिवशी मी वडीलधारे गृहस्थ शोधत होते.

इथे आल्बर्टात युक्रेनी शेतकरी १८९० च्या दशकापासून येऊन वसले. जवळच्या वेगरव्हिलमध्ये तर १९७५ पासून भलीमोठी धातूची पिसांका उभी आहे. काही जण लिहितात, "परदेशात गेल्यावर संस्कृती म्हणजे नुसता देखावा." मला हे अजिबात पटत नाही. सोव्हिएत काळात तिकडे युक्रेनमध्ये ईस्टरशी जोडलेली ही कला दडपली गेली, तेव्हा अशाच तळघरांत आयांनी मुलींच्या हातात किस्त्का दिली. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत पिसांका आली, त्यामागे अशा हातांचीही मेहनत आहे.

२०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, त्यानंतर हॉलमध्ये तिकडून नवी माणसं आली. एक मुलगी किस्त्काला 'पिसाचोक' म्हणाली. बाबांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि आपली जुनी किस्त्का तिच्यापुढे सरकवली. त्या संध्याकाळी आम्ही उशिरापर्यंत बसलो होतो.

हां, शेवटचं राहिलंच. नक्षी उघडी करायला अंड्यावरचं मेण वितळवताना अंडं ज्योतीच्या वर नाही, बाजूला धरा. वर धरलंत की काजळी बसते, आणि पांढरं म्हणून जे पहिल्या रेघेपासून राखलं तेच काळवंडतं. बाजूला धरा, मेण चकाकलं की मऊ कापडाने पुसा. थोडंथोडंच, घाई नको. आधी पांढरं दिसेल, मग पिवळं.