टेन्सरवाल्यांनी टिक कुठे करायची?

आयोजकांनी विषय दिलाय ‘टेन्सर पद्धती आणि पोस्टडॉकच्या संधी’. (टेन्सर म्हणजे आकड्यांचा अनेक दिशांचा तक्ता, आणि पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरची ठरावीक काळाची संशोधनाची नोकरी.) संधींकडे येतोच, पण आधी एक तक्रार ऐकून घ्या. घरी आता ती कुणी ऐकत नाही.

पीएचडीनंतर एका फेलोशिपचा फॉर्म भरत होतो. रकाना होता: ‘भौतिकशास्त्र की गणित? एकच पर्याय निवडा.’ भौतिकशास्त्रावर टिक केली. परीक्षकांचा शेरा आला, ‘यात भौतिकशास्त्र कमी, मॅट्रिक्सच जास्त.’ पुढच्या खेपेला गणितावर टिक केली. शेरा: ‘प्रमेय कुठे आहे?’ हसताय, पण तुमच्यातले निम्मे याच रांगेत आहेत.

या रकान्यापायी किती वर्षं जातात बघा. १९९२ साली कॅलिफोर्नियात स्टीव्हन व्हाइट यांनी डीएमआरजी ही अनेक कणांची क्वांटम अवस्था संगणकावर मोजायची पद्धत काढली. ५० स्पिनांची, म्हणजे वर-खाली अशा दोन अवस्थांच्या चिमुकल्या क्वांटम चुंबकांची, साखळी घ्या. तिची अवस्था लिहायला २चा ५०वा घात, म्हणजे एकावर पंधरा शून्यं एवढे आकडे लागतात. त्याऐवजी प्रत्येक स्पिनला एकेक छोटा टेन्सर द्यायचा, शेजाऱ्याशी जोडायचा, जोडावर एसव्हीडी करायची (म्हणजे मॅट्रिक्स महत्त्वाच्या क्रमाने तुकड्यांत फोडायची), मोठ्या सिंग्युलर व्हॅल्यू, म्हणजे त्या तुकड्यांची वजनं, ठेवायच्या आणि बाकीच्या खुशाल टाकून द्यायच्या. बाँड डायमेन्शन, म्हणजे प्रत्येक जोडावर ठेवलेल्या व्हॅल्यूंची संख्या, १०० धरलं तर दहा लाख आकड्यांत काम भागतं. लॅपटॉपवर! (एंटँगलमेंट, म्हणजे स्पिनांची आपसातली क्वांटम गुंतागुंत, कमी असेल तरच हं, नाहीतर उद्या मला फोन कराल.) व्हाइट यांनी ते या टेन्सरच्या भाषेत मांडलं नव्हतं, ते १९९५मध्ये भौतिकशास्त्रातल्याच ओस्टलुंड आणि रोमर यांनी दाखवलं. आणि २०११मध्ये मॉस्कोच्या इव्हान ओसेलेडेट्स यांनी संख्यात्मक गणितात हीच रचना ‘टेन्सर ट्रेन’ म्हणून मांडली. मधे सोळा वर्षं! दोन विभागांची कँटीन एक असती तर...

काय? पाचच मिनिटं? बरं, संधी.

विषयाच्या नावाने जाहिराती शोधू नका, पद्धतीच्या नावाने शोधा. टेन्सर नेटवर्कसाठी, म्हणजे अशा जोडलेल्या टेन्सरांसाठी, जर्मनीत गार्चिंगची माक्स प्लांक संस्था, बेल्जियमचं गेंट विद्यापीठ, न्यूयॉर्कची फ्लॅटआयर्न इन्स्टिट्यूट. २०२३मध्ये आयबीएमने १२७ क्यूबिटांच्या (क्वांटम बिटांच्या) संगणकावरचा प्रयोग जाहीर केला, तर फ्लॅटआयर्नच्या मंडळींनी महिन्याभरातच त्याचं गणित टेन्सर नेटवर्कने साध्या संगणकावर करून दाखवलं. टेन्सर नेटवर्कची आयटेन्सर ही कोड लायब्ररीही आता तिथेच सांभाळली जाते. टेन्सरचं बीजगणित हवं तर जर्मनीतल्याच लाइपझिगची माक्स प्लांक संस्था. क्वांटम ग्रॅव्हिटीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या क्वांटम सिद्धांताच्या) वाटेने टेन्सर मॉडेल करायची असतील तर जर्मनीतच हायडेलबर्गला भौतिकशास्त्रज्ञ गुराऊ आहेत.

युरोपियन युनियनच्या मेरी क्युरी फेलोशिपचा नियम नीट वाचा: ज्या देशात जायचंय तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. तिथेही गणिताचं पॅनेल वेगळं, भौतिकशास्त्राचं वेगळं, आणि निवडायचं एकच! होस्ट प्राध्यापकांना विचारून मगच टिक करा, आणि ते ऑगस्टमध्ये नाही, मे महिन्यातच विचारा. अर्ज साधारण सप्टेंबरात बंद होतात. पहिल्या ईमेलला सीव्हीबरोबर स्वतःच्या चालत्या कोडची लिंक जोडा. हो, चालत्या. प्रश्न बाहेर चहाला घेऊ, हॉल रिकामा करायचाय.