निलगिरी: पाला वेगळा, तेल वेगळं

(दृश्य: शेताचा बांध, पांढुरक्या खोडांची उंच रांग)

लातूर असो की परभणी, बांधाला, कॅनॉलच्या कडेला, शाळेच्या मागं निलगिरी दिसतेच. मूळची ऑस्ट्रेलियाची, आपल्याकडं सामाजिक वनीकरणातून गावोगाव पोचली. पान तोडून उजेडासमोर धरा. बारीक ठिपके चमकतात, त्या तेलाच्या ग्रंथी. पान चुरगळल्यावर नाकात भिनणारा वास मुख्यतः त्या तेलातल्या सिनिओल या घटकाचा.

औषधी तेलासाठी मुख्यतः ग्लोब्युलस ही थंड डोंगराळ हवेतली जात वापरतात. आपल्या बांधावरची बहुतेक झाडं मैदानी जातीची. तिच्या पाल्यात सिनिओल सहसा कमी असतं.

(दृश्य: चूल, उकळतं भगोनं, त्यात पडणारा पाला)

पडसं झालं की हाच पाला भगोन्यात पडतो. वाफाऱ्यानं नाकात गारवा जाणवतो, श्वास सुटल्यासारखा वाटतो. आतली सूज त्यानं फारशी उतरत नाही आणि सर्दीही लवकर जात नाही. पण रात्री डोळा लागतो, आणि नाक चोंदलेल्या माणसाला तेही थोडकं नाही. मोठ्यांनी वाफारा जरूर घ्यावा. लेकरांना मात्र नको. भगोनं कलंडून पोळलेली लेकरं दवाखान्यात येतात. धाप लागत असेल, ताप उतरत नसेल, तर वाफाऱ्यात दिवस घालवू नका. दम्याच्या काही रुग्णांना या वासानंच त्रास वाढतो.

(दृश्य: फळीवरची तेलाची छोटी बाटली)

खरी भीती या बाटलीची आहे. मूठभर पाल्यात तेल थोडंसंच. बाटलीत नुसतं तेलच. कफ सुटावा म्हणून कुणी ते मधातून चाटवतं, कुणी तान्ह्याच्या नाकाला लावतं. दोन्ही करू नका. दोन वर्षांखालच्या लेकराच्या नाकातोंडाजवळ ते लावलं तर श्वास अडकू शकतो. पोटात गेलं तर एक चमचा, म्हणजे 5 मिलिलिटरसुद्धा लहानग्याच्या जिवावर बेतू शकतं. आधी उलटी, खोकला. मग गुंगी, झटके. हे अर्ध्या तासाच्या आतही सुरू होतं.

असं घडलं तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. तेल फुप्फुसात उतरतं. 108 ला फोन लावा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा. तेलाची बाटली सोबत न्या. किती तेल गेलं असेल, याचा अंदाज डॉक्टरांना तिच्यावरून येतो.