गाडी मागचे टायर खाते तेव्हा

(सोलापुरात पिकअपचे चालक आणि मालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, हा टायर मी मुद्दाम उचलून आणलाय. जवळ या, हात लावून बघा. बाहेरच्या बाजूला नक्षी चांगली आहे, अजून वर्षभर काढेल असं वाटतं. आता आतल्या बाजूनं बोटं फिरवा. पार गोटा झालाय. या कडेला तर रबर संपून आतली तार हाताला लागते.

ही गाडी मोहोळकडची, कांद्याची. मालक माझ्याकडे आले तेव्हा मागच्या टायरांची तिसरी जोडी संपत आली होती. कुणीतरी सांगितलं, कंपनी बदला, त्यांनी बदलली. कुणी सांगितलं, अलाइनमेंट करा, म्हणजे चाकांचे कोन जुळवा, ती दोनदा केली. पण दोन्ही वेळा ती पुढच्या चाकांची. पिकअपला मागं सरळ हाउजिंग असतं, म्हणजे एक्सल आत बसतो ते दोन चाकांमधलं लोखंडी कवच, पुढच्यासारखा आवळून-सैल करून चाक वळवायचा रॉड तिथं नसतो. म्हणून बरेच जण मागं मोजतच नाहीत. मी उलट म्हणतो. जिथं फिरवायला काही नाही तिथं फरक आला, म्हणजे काहीतरी वाकलंय, सरकलंय किंवा ढिलं झालंय. तिथं मोजायलाच पाहिजे.

आधी साध्या गोष्टी. मधली पट्टी झिजली तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी किंवा माल जास्त. हे तुम्हाला ठाऊक आहे. पण आपल्याकडं गाडी पुण्याला भरून जाते आणि कितीदा तरी रिकामी परत येते. भरलेल्या गाडीची हवा तशीच ठेवून २५० किलोमीटर रिकामी आणली, की टायर फक्त मधल्या पट्टीवर पळतो. दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात रिकाम्या गाडीची हवा वेगळी दिली असेल तर ती पाळा. आणि हवा सकाळी, टायर गार असताना बघा. मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो, दुपारी रस्त्यावर मीटर जास्त दाखवणारच. तेव्हा हवा सोडली तर रात्री टायर गार होऊन कमी हवेवर येतो, आणि सकाळी त्याच्यावरच तुम्ही माल चढवता.

नक्षीवर ठरावीक अंतरानं वाटीसारखे खळगे पडले तर शॉकअप, म्हणजे धक्के शोषणारा दांडा बघा. एकाच जागी सपाट चट्टा असेल तर चाक ब्रेकला लॉक होऊन घासलंय. एकच टायर दुसऱ्याच्या पुढं पळून झिजत असेल, तर दहा-पंधरा किलोमीटर चालवून दोन्ही ड्रमजवळ हात न्या. लावू नका, भाजेल. एक जास्त तापलेला असेल तर हँडब्रेकची केबल किंवा ड्रमला आतून घासणारं ब्रेकचं लायनर अडकलंय. मागं एक नवा आणि एक गोटा टायर लावून पळवू नका. दोन्हींचा घेर वेगळा, त्यामुळं डिफरेन्शियल, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर, सरळ रस्त्यावरही दिवसभर काम करत राहतं.

आता मोहोळच्या गाडीकडं. आधी जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं. बेअरिंगला खेळ नव्हता. मग सपाट फरशीवर गाडी रिकामी उभी केली आणि गवंड्याचा ओळंबा चाकाच्या बाहेरून सोडला. दोरीपासून रिमचं अंतर वर ६ मिलिमीटर जास्त भरलं, म्हणजे चाकाचा माथा आत झुकलेला. गाडी अर्धा फेरा पुढं सरकवून परत मोजलं. रिम वाकडी असती तर आकडा उलटा झाला असता. तो तोच राहिला. दुसऱ्या चाकालाही जवळजवळ तेवढाच.

मग चाकं उचलून फिरवली आणि खिळा टेकवून दोन्ही टायरवर गोल रेघ मारली. गाडी खाली घेतली, थोडी पुढं-मागं केली आणि चेसिसखालून दोन रेघांमधलं अंतर पुढच्या बाजूला आणि मागच्या बाजूला एकाच उंचीवर मोजलं. पुढं ९ मिलिमीटर जास्त. चाकं पुढून बाहेर फाकलेली. चाक एक अंश जरी वळलेलं असलं तरी दर किलोमीटरला साधारण १७ मीटर टायर आडवा घासतो. पुण्यापर्यंत चार किलोमीटरच्या वर. इथं एक अंश नव्हता, दर चाकाला एक तृतीयांशाहून थोडं जास्त होतं. तीन जोड्या खायला तेवढं पुरलं. हाउजिंग वाकलेलं होतं.

का वाकलं? मालकांनी मागच्या स्प्रिंगमध्ये दोन जादा पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्या, टाकून घेतले होते. दीड टनाची गाडी, पन्नास किलोच्या तीस पिशव्या. हे अठ्ठेचाळीस भरत होते, त्यातल्या बऱ्याच फाळक्याकडं, म्हणजे एक्सलच्या मागं. तिथला भार पुढचं तोंड उचलतो, त्यामुळं एक्सलवर मालाच्या वजनापेक्षाही जास्त ओझं येतं. मला म्हणाले, ‘मिस्त्री, पाटे टाकल्यापासून गाडी दबतच नाही.’ पाटे दबत नव्हते, पण ओझं खाली हाउजिंगवर, बेअरिंगवर आणि टायरवर येतच होतं. उलट पाटे कडक झाल्यानं प्रत्येक खड्ड्याचा दणका जास्त जोरात पोचत होता. गाडी दबते तेव्हा ती सांगत असते की बास. ते सांगणंच आपण बंद केलं.

आणि हे टायरपेक्षा मोठं आहे, म्हणून नीट ऐका. बऱ्याच पिकअपला मागं एक व्हॉल्व्ह असतो, दांडीनं एक्सलला जोडलेला. गाडी किती दबली त्यावरून तो मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते ठरवतो. जादा पाट्यांनी गाडी उंच राहिली, की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे. भरलेल्या गाडीला तो रिकाम्या गाडीचा ब्रेक देतो. पाट्यांना हात लावला असेल तर त्या दांडीचं सेटिंग जाणकाराकडून बघून घ्या, उद्याच.

मोहोळच्या गाडीला हाउजिंग बदललं. गॅसनं तापवून सरळ करायला मी नकार दिला, तापवलेलं लोखंड त्याच जागी पुन्हा वाकतं. जादा पाटे काढले, पाटे एक्सलला बांधणारे नवे यू-बोल्ट टाकले आणि भरून एक फेरी झाल्यावर परत बोलावून आवळले.

तुमचा टायर बदलायची वेळ येईल तेव्हा तो काढायच्या आधी त्याच्यावर खडूनं दोन गोष्टी लिहा: डावा का उजवा, आणि आतली बाजू कुठली. तसाच घेऊन या. भंगारात मागाहून टाकता येईल.